घर परवडते का? नाशिककर वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे घर, भाडे आणि शहरात राहण्याचा वाढता खर्च यांविषयी आहेत. त्यांतील सहा पत्रे येथे थोडक्यात देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत. आकडे मात्र त्यांनी कळवलेलेच आहेत.

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कायम कामगार आहे. दरमहा ३४,००० रुपये हातात येतात. पत्नी घरीच शिवणकाम करते, त्यातून सरासरी ९,००० रुपये मिळतात. दोन मुले शाळेत आहेत. पवननगरला आम्ही ८,५०० रुपये भाड्याने राहतो. पाथर्डी फाट्याच्या पुढे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके सदनिका ३१ लाखांना मिळते आहे. ‘भाड्यात थोडी भर घातली की हप्ता भरतो,’ असे तिथले लोक सांगतात. आमच्याकडे साडेसहा लाख रुपये साठले आहेत. ही सदनिका घ्यावी का?

उत्तर : आपण दोघांनी मिळून साडेसहा लाख रुपये साठवले, यामागे किती वर्षांची काटकसर असेल याची मला कल्पना आहे, आणि म्हणूनच ती रक्कम घाईने कुणाच्या हाती जाऊ नये असे मनापासून वाटते. ‘थोडी भर’ म्हणजे किती, ते आधी पाहू. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह ६ टक्के आहे. ३१ लाखांवर ते १,८६,००० रुपये होते. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. बांधकाम चालू असलेले घर ४५ लाखांच्या आतले आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्राचे असेल, तर नाशिकसारख्या शहरात त्यावर १ टक्का जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ३१,००० रुपये. हे सगळे मिळून २,४७,००० रुपये झाले आणि कर्जाची रक्कम ठरवताना बँक हा खर्च घराच्या किमतीत धरत नाही. बँकेने किमतीच्या ८० टक्के, म्हणजे २४,८०,००० रुपये दिले, तर उरलेले ६,२०,००० रुपये आणि हे शुल्क असे एकूण ८,६७,००० रुपये आपल्याला उभे करावे लागतील. मीटर, पार्किंग, देखभालीची आगाऊ रक्कम यांचा हिशेब यात अजून आलेलाच नाही. आपल्याकडे आहेत साडेसहा लाख. वरचे सव्वादोन लाख दागिने गहाण ठेवून किंवा पतसंस्थेतून उचलून आणावे लागणार असतील, तर गृहकर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्याआधीच दुसऱ्या कर्जाचा हप्ता मागे लागेल.

आता महिन्याचे बघा. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या २४,८०,००० रुपयांचा हप्ता सुमारे २१,५०० रुपये येतो. बँक ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतही रक्कम देऊ शकते. तसे केल्यास सुरुवातीचा भार हलका होईल, पण हप्ता २४,२०० रुपयांवर जाईल. आपले एकत्रित उत्पन्न ४३,००० रुपये. त्यातून हप्ता आणि दीड हजाराचा देखभाल खर्च वजा केल्यावर पहिल्या हिशेबात २०,००० रुपये उरतात. किराणा, दूध, गॅस, वीज, दोन मुलांची फी, दुचाकीचे पेट्रोल, औषधपाणी आणि गावी आई-वडिलांना पाठवायचे पैसे हे सगळे त्या वीस हजारांत बसवायचे आहे. शिवाय शिवणकामाचे ९,००० रुपये सरासरीचे आहेत. लग्नसराईत ते पंधरा होतात आणि आषाढात चार, हे आपल्या पत्नीला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. बँकेचा हप्ता आषाढातही तेवढाच असतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की ही सदनिका या वर्षी घेऊ नये. त्याऐवजी भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या, दहा-बारा वर्षे जुन्या इमारतीत वन बीएचके शोधावा. समजा, तो २२ लाखांना मिळाला. पूर्ण झालेल्या घराच्या पुनर्विक्रीवर जीएसटी नाही. मुद्रांक आणि नोंदणी मिळून १,५४,००० रुपये, आपला हिस्सा ४,४०,००० रुपये, म्हणजे ५,९४,००० रुपयांत काम होते आणि १७,६०,००० रुपयांच्या कर्जाचा हप्ता १५,३०० रुपयांच्या आसपास येतो. घर लहान आहे, हे मान्य. पण देखभाल धरूनही २६,००० रुपये हाती राहतात आणि या सहा हजारांच्या फरकावरच मुलीचा क्लास चालू राहणार की बंद होणार, हे ठरते. केवळ पत्नीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. खरेदीखतात आपलेही नाव घातले की ती जाते.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदानासाठी आपण पात्र ठरण्याची शक्यता आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के दराने हे अनुदान मिळते. त्याची कमाल रक्कम १,८०,००० रुपये असून ती पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. ती नंतर येते, आधी नाही, त्यामुळे सुरुवातीच्या रकमेत तिला धरू नका. देशात कुठेही पती, पत्नी किंवा अविवाहित मुलांच्या नावावर पक्के घर नसावे, ही मुख्य अट आहे. तेव्हा गावच्या घराच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर वडिलांबरोबर आपलेही नाव लागलेले आहे का, ते ग्रामपंचायतीत जाऊन पाहून घ्या.

आणखी एक मार्ग बहुतेक जण विसरतात. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प उभारणाऱ्या विकासकाला २० टक्के घरे अल्प व अत्यल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात आणि ती म्हाडाच्या नाशिक मंडळामार्फत सोडतीने दिली जातात. जाहिरातीवर लक्ष ठेवा, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आयकर विवरणपत्र तयार ठेवा आणि प्रत्येक सोडतीत अर्ज करा. सोडतीत नशिबाचा भाग असतो, हे खरे. तरीही माझ्या मते कामगाराच्या पगारात बसणारे घर शहराच्या आत मिळण्याची ही आज सर्वांत भक्कम तरतूद आहे आणि तिच्यातील प्रत्येक घर खरोखर सोडतीत येते की नाही, यावर नाशिककरांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

प्रश्न : सिडकोतील दुसऱ्या योजनेतील जुने घर विकत मिळते आहे. मूळ घर एक खोली आणि स्वयंपाकघराचे. नंतर मालकाने पुढे एक खोली आणि वर एक मजला वाढवला आहे. असे घर घ्यावे का?

उत्तर : सिडकोच्या जुन्या घरांविषयी माझ्या मनात आदर आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीला लागलेल्या माणसाला त्याच्या पगारात बसेल एवढेच घर बांधून हप्त्याने द्यायचे, हे काम एका सरकारी महामंडळाने नवीन नाशकात सहा योजनांतून केले आणि त्यावर हजारो कुटुंबांची एक पिढी उभी राहिली. घर लहान होते, पण गरज वाढेल तसे ते वाढवता येत होते. आज खासगी बाजारात तेवढे लहान घर नव्याने बांधलेच जात नाही.

आपल्या व्यवहारात दोन गोष्टी पाहाव्या लागतील. पहिली म्हणजे, सिडकोची जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. त्यामुळे मूळ वाटपपत्र, भाडेपट्टा करार आणि त्यानंतरचे प्रत्येक हस्तांतर सिडकोच्या दप्तरी नोंदलेले आहे का, हे तपासा. मधल्या एखाद्या व्यवहारात नुसते मुखत्यारपत्र झालेले असेल, तर तो दुवा आधी विकणाऱ्याकडून पूर्ण करून घ्या. दुसरी गोष्ट वाढीव बांधकामाची. त्याचा नकाशा मंजूर नसेल, तर बँकेचा मूल्यांकनकर्ता फक्त मूळ घराची किंमत धरेल आणि आपल्याला कर्ज कमी मिळेल. वरच्या मजल्याची किंमत मालक पूर्ण मागत असेल, तर हाच मुद्दा पुढे करून भाव ठरवावा. मूळ पायावर दोन मजल्यांचा भार किती वर्षे आहे, हे स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय विसार देऊ नये.

प्रश्न : मी नोटप्रेसमधून निवृत्त झालो असून जेलरोडला स्वतःच्या घरात राहतो. मुलगा पुण्याला असतो. कुंभमेळ्यानंतर भाव दीडपट होतील, आताच गुंतवणूक म्हणून दुसरी सदनिका घेऊन ठेवा, असे मला सुचवले जात आहे. निवृत्तीच्या रकमेतून ४५ लाख घालावेत का? भाव एवढे का वाढत आहेत, हेही कळावे.

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. २००१ च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १०,७७,२३६ होती. २०११ मध्ये ती १४,८६,०५३ झाली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे ३८ टक्के वाढ. कळवण, सटाणा, दिंडोरी, निफाड, येवला या तालुक्यांतील ज्याला जमते तो शेतकरी मुलांच्या शिक्षणासाठी नाशकात एक घर करतो. मुंबई-ठाण्याच्या कुटुंबांना तिथल्या एका खोलीच्या पैशांत इथे मोठे घर मिळते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून हे अंतर आणखी कमी वाटू लागले आहे. मागणीची ही तिन्ही टोके एकाच शहरावर येतात. त्यात २०२५-२६ साठी शासनाने वार्षिक बाजारमूल्य दर वाढवले, तेव्हा नाशिक महापालिका हद्दीतील सरासरी वाढ ७ टक्क्यांहून अधिक होती आणि मुद्रांक शुल्क त्या दरांवर किंवा करारातील रकमेवर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर, भरावे लागते.

कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि अमृतस्नाने २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. त्यानिमित्त रस्ते, पूल आणि घाट होतील व त्यांचा लाभ काही भागांना नक्की मिळेल. पण पर्वणीला येणारा भाविक घर विकत घेत नाही. तो स्नान करतो आणि परत जातो. कुंभाच्या नावाने वाढवलेला भाव कुंभानंतर टिकवून धरायला त्या भागात राहणारी माणसे लागतात.

आपला हिशेब असा मांडून पाहा. ४५ लाखांच्या सदनिकेला महिना १३,००० रुपये भाडे आले, तर वर्षाचे १,५६,००० होतात, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडे कमी. त्यातून देखभाल, घरपट्टी आणि दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे महिने वजा करायचे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. त्या दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात. सदनिकेची एक भिंत विकून दवाखान्याचे बिल भरता येत नाही. मुलगा नाशकात परत येऊन राहणार असेल, तर त्याच्या सोयीच्या ठिकाणी त्यानेच कर्ज काढून घर घ्यावे आणि आपण फक्त सुरुवातीच्या रकमेला हातभार लावावा. तो येणार नसेल, तर रिकाम्या घराला कुलूप लावून ठेवण्यासाठी निवृत्तीची रक्कम घालू नये. आणि हे मी केवळ आपल्या हितासाठी सांगत नाही. ज्या शहरात पगारदार माणसाला घर मिळत नाही, त्याच शहरातील इमारतींमध्ये संध्याकाळी ओळीने दिवे न लागलेल्या खिडक्या दिसतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.

प्रश्न : आम्ही कळवण तालुक्यातील शेतकरी. मुलगा अकरावीला, मुलगी नववीला. दोघांच्या शिक्षणासाठी पत्नी त्यांना घेऊन गंगापूर रोड परिसरात ११,००० रुपये भाड्याने राहते. अनामत ५०,००० दिली आहे. मालक भाडे रोख घेतात आणि करार करायला तयार नाहीत. ‘तुमच्यावर विश्वास आहे, कागद कशाला?’ असे म्हणतात. दोन ठिकाणचा खर्च झेपेनासा झाला आहे. काय करावे?

उत्तर : पहिल्यांदा कागदाचे सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदवला पाहिजे. तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करार नसताना वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे कागद नसणे मालकाच्याच अधिक गैरसोयीचे आहे. हे त्यांना धमकी म्हणून न सांगता त्यांच्या हिताची गोष्ट म्हणून सांगावे.

खर्चाची भीती त्यांना असेल, तर आकडेच पुढे ठेवा. अकरा महिन्यांचे भाडे १,२१,००० रुपये, त्यात अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज मिळवून येणाऱ्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ३१५ रुपये, आणि शहरी भागातील नोंदणी फी १,००० रुपये. आधारच्या आधारे ही नोंदणी घरबसल्या होते. हा सगळा खर्च आपण सोसायची तयारी दाखवा आणि तोवर भाडे रोख न देता पत्नीच्या बँकखात्यातून पाठवा. खात्यावरील अकरा नोंदी हाच उद्या आपला पुरावा ठरेल. मी स्वतः तरुणपणी पंचवटीत भाड्याने राहत असताना अनामतीची पावती घेतली नव्हती. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली ती सगळी रक्कम गेली आणि मी काही करू शकलो नाही. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल वेगळी रक्कम मागत असेल, तर ती सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ती मालकाने द्यायची असते.

आता खर्चाचे. शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो आणि शहरातले भाडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावे लागते. आपल्या ओढाताणीचे मूळ मला इथे दिसते. उन्हाळ कांद्याची पट्टी हातात येईल, त्या दिवशीच वर्षाचे भाडे आणि दोघांची फी वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड पत्नीकडे ठेवा. मालकाला मात्र वर्षाचे भाडे एकरकमी आगाऊ देऊ नका. चाळीत ठेवलेला कांदा भाव वाढेल या आशेने धरून ठेवायचा असेल, तर तोही हे पैसे बाजूला काढल्यानंतरच.

मी अशा काही बिऱ्हाडांत गेलो आहे. गॅलरीत गावाकडच्या कांद्याची गोणी, डब्यात घरची बाजरी, कोपऱ्यात शेंगदाण्याचे पोते आणि सोमवारच्या पहिल्या एसटीने आलेली दुधाची कॅन, असे त्या घराचे अर्धे स्वयंपाकघर गावावरच चालते. हे आपणही करत असालच. त्यापलीकडे मोठा खर्च असतो तो भाडे, क्लास आणि जाण्यायेण्याचा. मुलीची शाळा आणि मुलाचे महाविद्यालय यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर असेल, तर भाडे हजारभर रुपये जास्त असले तरी परवडते. लांबचे स्वस्त घर घेऊन दोन रिक्षा लावल्या की तो हजार पंधरा दिवसांत निघून जातो. सिटीलिंक बसचा विद्यार्थी पास काढून पाहा. आणि बारावीनंतर मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी असलेली डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. त्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला आतापासून तहसील कार्यालयातून घेऊन ठेवावा. तेव्हा तो वसतिगृहात राहू शकला, तर मायलेकींना एका लहान घरात भागवता येईल.

प्रश्न : इंदिरानगरमधील ३२ सदनिकांच्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार आहे. महिन्याचा देखभाल खर्च ९०० वरून १,८०० रुपयांवर गेला आणि सभासद माझ्यावर चिडतात. तो कमी कसा करावा?

उत्तर : ताई, खजिनदाराने हिशेब फलकावर लावला की निम्मा राग ओसरतो. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांचे वीजबिल, टँकर, सुरक्षारक्षक, सफाई आणि लिफ्टचा देखभाल करार या पाच बाबी वेगवेगळ्या दाखवा. टँकर फक्त एप्रिल-मेमध्ये लागत असताना त्याची रक्कम बाराही महिने वसूल केली जात असेल, तर ती वेगळी करा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या गच्चीवर संच बसवल्यास पंप आणि लिफ्टच्या बिलात ठळक फरक पडेल.

एक मात्र करू नका. उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, जमा करायचा असतो. लोकांच्या नाराजीपोटी त्यांत कपात करू नका. वीस वर्षांनी पाण्याची टाकी आणि बाहेरचे प्लास्टर एकदम निघते, तेव्हा ज्या सभासदाला एका महिन्यात चाळीस हजार काढणे शक्य नसते, त्याचेच घर विकायला निघते.

प्रश्न : मी सातपूरला राहते आणि चार घरी स्वयंपाकाची कामे करते. मिस्टर नाहीत. दहा वर्षांत साडेचार लाख रुपये जमवले. आडगावच्या पुढे अर्धा गुंठा जागा पाच लाखांत मिळते आहे. सातबारा सामाईक आहे, खरेदी नोटरीवर करून देणार आहेत. पंचवीस हजार विसार दिला आहे. भाडे वाचेल म्हणून चार पत्रे टाकून राहायचा विचार आहे. पुढे जाऊ का?

उत्तर : ताई, पुढे जाऊ नका. अर्धा गुंठा म्हणजे जेमतेम ५४५ चौरस फूट, पण खरी अडचण क्षेत्राची नाही. नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे शंभर रुपयांवरील स्थावर मिळकतीची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोटरीच्या शिक्क्याने जागा आपल्या नावावर होत नाही. नोटरी फक्त एवढेच सांगतो की या माणसाने माझ्यासमोर सही केली. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. सातबारा सामाईक असल्याने विकणाऱ्याचा भाऊ, बहीण किंवा पुतण्या उद्या हक्क सांगायला आला, तर आपला अर्धा गुंठा नेमका कोणता, हेसुद्धा कुणी दाखवू शकणार नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आहे, असे ते सांगतील. पण त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पूर्वीच्या गुंठेवारी विकासांपुरती आहे आणि आज पाडलेला तुकडा त्यात बसत नाही.

तिथे राहायला गेल्यावर रोज पहाटे सातपूर गाठायला किती वेळ आणि किती पैसे लागतील, तेही पाहा. आपली चारही घरे सातपुरात आहेत. एका घराचे काम जरी सुटले, तरी वाचलेल्या भाड्यातला मोठा भाग गेलाच. नळ नाही, मीटर नाही आणि रात्री रस्त्याला दिवा नाही, अशा जागी आपण एकट्या आहात, हाही विचार करा.

साडेचार लाख ही लहान रक्कम नाही. वर सांगितलेल्या म्हाडाच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटातून अर्ज करा. विधवा महिलांसाठी आरक्षण आहे का, ते प्रत्येक जाहिरातीत पाहा. तोवर ही रक्कम पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवा; तिचे व्याज दरमहा भाड्याला उपयोगी पडेल आणि मुद्दल शाबूत राहील.

विसाराचे पंचवीस हजार परत मागा आणि तोंडी न मागता लेखी मागा. पैसे कधी दिले, कुणाच्या हातात दिले आणि तेव्हा कोण हजर होते, हे आठवते आहे तोवर वहीत लिहून ठेवा. त्यांनी टाळाटाळ केली, तर सीबीएसजवळील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. महिलांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जाताना विसारपावती, सातबाराची प्रत आणि आधार कार्ड सोबत न्या आणि पावती मूळ असेल, तर तिची झेरॉक्स काढून मूळ कागद स्वतःजवळच ठेवा.